डिस्क जोडली आहे का, हे आधी बघ

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर म्हणालास, "बॅकअपची स्क्रिप्ट रोज रात्री चालते, काळजी नाही." तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

मीही तसाच निर्धास्त होतो. लॉगमध्ये रोज 'बॅकअप पूर्ण'. मग एका सकाळी कारखान्यातला लिनक्सचा कॉम्प्युटर 'जागा शिल्लक नाही' म्हणून अडला. मागे हात घालून बघितलं तर बाहेरच्या डिस्कची केबल निम्मी बाहेर. मध्ये कधीतरी लाइट गेली, मशीन पुन्हा सुरू झालं, पण डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढं जा) मीच घातलेलं, त्यामुळं बूट होताना कुठं अडलं नाही. माउंटचा फोल्डर, म्हणजे ज्या फोल्डरमध्ये ती डिस्क दिसते तो, मात्र जागेवर होता. फायलींची प्रत करणाऱ्या आरसिंकनं सगळं त्यातच ओतलं, म्हणजे आतल्याच डिस्कवर. पॅटर्नची सगळी ड्रॉइंगं, मूळ आणि प्रत, एकाच डिस्कवर! 2019 च्या पुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, ते दिवस आठवले आणि पोटात गोळा आला. पाणी शिरलं तर उचलून न्यायची म्हणून घेतलेली डिस्क, आणि तिच्यात नवं काहीच नाही.

तेव्हा 'फोल्डर आहे का' एवढंच तपासू नकोस, तो कायम असतोच. माउंटच्या यादीत ग्रेपनं (मजकूर शोधायची कमांड) नाव शोधणंही कच्चं. 'बॅकअप' शोधलंस तर 'बॅकअप2' पण सापडतं. त्यापेक्षा 'माउंटपॉइंट' कमांड वापर. डिस्क माउंट असेल तर ती कमांड शून्य परत करते, म्हणजे 'हो'. शून्य नसेल तर स्क्रिप्टनं तिथंच थांबावं आणि तुला मेल जावी. तू दोन डिस्क आलटून पालटून लावतोस, म्हणून 'फाइंडमाउंट' कमांडनं यूयूआयडीही, म्हणजे त्या डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक, जुळवून घे. डिस्कमध्ये बिघाड झाला की कधीकधी ती फक्त वाचण्यापुरती उरते, म्हणून एक छोटी फाइल लिहून बघ.

आणखी एक कर. डिस्क काढलेली असताना माउंटच्या त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर' कमांडनं 'प्लस आय', म्हणजे बदल करायला बंदी, लाव. मग रूटलासुद्धा (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) त्यात लिहिता येत नाही, आणि माउंट मात्र नेहमीसारखं होतं. माझा खरा भरवसा आता यावरच आहे.

तुझ्या आरसिंकला 'डिलीट' (मूळात नाही ते प्रतीतूनही पुसायचं) लावलेलं आहे ना? मग मूळ फायलींची डिस्कही तपास. ती माउंट नसेल तर रिकामा फोल्डर बघून आरसिंक चांगला बॅकअप पुसून टाकेल.

आज रात्रीची स्क्रिप्ट बंद ठेव आणि मला पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच