आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘ड’ जीवनसत्त्वाच्या हिशेबात वजनही धरा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेबद्दल जनजागृतीची पत्रकं निघतात, त्यांत दोन सल्ले ठरलेले असतात : उन्हात बसा आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. सल्ले चुकीचे नाहीत. पण ते वाचणाऱ्या माणसाचं वजन किती, हा प्रश्न त्यांत कुठेच येत नाही, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

मी आहारतज्ज्ञ आहे. स्थूल माणसांच्या फाइलीत ‘ड’ जीवनसत्त्वाचा रिपोर्ट हमखास सापडतो. आकडा ठळक छापलेला, शेजारी खाली वळलेला बाण. एक बाई म्हणाल्या, “मॅडम, मी रोज उन्हातच चालते हो. तरी मला सांगतात, जरा घराबाहेर पडत जा.” त्या घराबाहेर पडत नाहीत, हे सांगणाऱ्याने त्यांच्या अंगाकडे बघूनच ठरवून टाकलेलं होतं. जाड माणूस म्हणजे आळशी, आळशी म्हणजे घरात बसलेला, संपला तपास.

यावर 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या सल्लागारांनी आपल्यासमोर ठेवायला हवा. काही स्थूल आणि काही सडपातळ माणसांच्या सर्वांगावर सारखाच अतिनील प्रकाश टाकला आणि 24 तासांनी रक्त तपासलं. स्थूल माणसांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाची वाढ 57 टक्क्यांनी कमी भरली. त्यांची कातडीच कमी माल बनवत असेल, अशी शंका येणं साहजिक होतं. म्हणून कातडीही तपासली. ज्या पदार्थापासून हे जीवनसत्त्व तयार होतं तो दोन्ही गटांत जवळपास सारखा निघाला आणि प्रकाश पडल्यावर त्याचं रूपांतरही ठीक होत होतं. म्हणजे माल तयार होत होता, पण रक्तापर्यंत कमी पोचत होता. हा प्रयोग लहान होता आणि त्यात फक्त गोऱ्या वर्णाची माणसं होती, हेही सांगायला हवं. तरीही ‘ऊन घेत नाहीत म्हणून कमी’ या ठाम विधानाला त्याने चांगलाच धक्का दिला.

पुढे माल जातो कुठे? हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. चरबी त्याला धरून ठेवते, असं आधी मानलं जाई. आता अनेक अभ्यासक साधा हिशेब मांडतात : मूठभर मीठ लहान पातेल्यात टाकलं आणि तेवढंच मोठ्या टोपात टाकलं, तर टोपातलं पाणी अळणीच लागणार. शरीर मोठं, तर तेवढाच डोस पातळ होतो. शिवाय यकृतात या जीवनसत्त्वाचं जे रूप तयार होतं आणि रक्तात मोजलं जातं, ते बनवणारी यंत्रणाही लठ्ठपणात मंदावत असावी, असे पुरावे पुढे येत आहेत. यातलं कोणतं कारण किती मोठं, यावर वाद चालू आहे. रक्तातला आकडा खाली येतो, यावर मात्र वाद नाही.

आता उलटा प्रश्न. ‘ड’ जीवनसत्त्व कमी म्हणून माणूस जाड होतो का? बाजाराला हे उत्तर ‘हो’ असायला हवं आहे; ‘डी वाढवा, चरबी घटवा’ छापाच्या जाहिराती त्यावरच चालतात. 2013 साली 21 अभ्यासगटांतल्या सुमारे 42,000 लोकांची जनुकीय माहिती एकत्र करून हे तपासलं गेलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 10 टक्क्यांनी जास्त असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व साधारण 4 टक्क्यांनी कमी, असं दिसलं. उलट दिशेने, कमी ‘ड’मुळे वजन वाढतं याला आधार मिळाला नाही. वजन उतरलं की आकडा थोडा वर येतो, तोही थोडाच. तेव्हा या जाहिराती करणाऱ्यांकडे आपल्या खात्याने पुरावा मागावा.

गोळीचंही तसंच. अमेरिकेत 25,871 लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्यांना दररोज 2000 युनिटचा डोस दिला होता. त्यातल्या ज्यांचे रक्ताचे नमुने तपासले, त्यांच्यात दिसलं की जसा बीएमआय जास्त, तशी त्याच डोसने झालेली वाढ कमी. सगळ्यांना एकच डोस लिहून देणं सोपं असलं, तरी परिणाम सगळ्यांना सारखा मिळत नाही.

मग जाड माणसांना सरसकट दुप्पट गोळ्या वाटाव्यात का? कृपा करून नाही. 2011 साली अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने स्थूल व्यक्तींना दोन ते तीन पट डोस सुचवला होता. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याच संघटनेने, केवळ लठ्ठपणा आहे म्हणून रक्त तपासत सुटू नका, असं म्हटलं आहे. मला ते पटतं. स्थूल माणसांच्या हाडांची घनता सहसा कमी नसते. रक्तातला आकडा खाली असला म्हणजे हाडं पोकळ झाली, असं समीकरण मांडता येत नाही. आणि जास्तीचं ‘ड’ जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, सारखी लघवी होते, मूत्रपिंडावर बेतू शकतं. देखरेखीशिवाय प्रौढांनी दररोज 4000 युनिटच्या पुढे जाऊ नये, ही मर्यादा त्यासाठीच घातलेली आहे.

तेव्हा लठ्ठ लोकांसाठी नवी तपासणी मोहीम काढू नका, ही माझी पहिली विनंती; तिचा फायदा प्रयोगशाळांनाच होईल. जिथे उपचाराचं खरं कारण आहे, म्हणजे हाडं मऊ पडली आहेत किंवा वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, तिथे डोस ठरवताना वजन बघा आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा, असं डॉक्टरांच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहा. पत्रकात एक वाक्य वाढवा : वजन जास्त असेल तर पुरेसं ऊन घेऊनही हा आकडा कमी येऊ शकतो. तेवढ्या एका वाक्याने कित्येकांचं तपासणीच्या खोलीतलं ओशाळणं वाचेल.

आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची सर्वेक्षणं. एखाद्या भागात कमतरता जास्त आढळली, तर ती उन्हामुळे, आहारामुळे की तिथल्या लोकांच्या वजनामुळे, हे नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून कळणार नाही. पुढच्या सर्वेक्षणाचा फॉर्म छापायला जाण्याआधी त्यात वजन, उंची आणि कंबरेचा घेर असे तीन रकाने घालायला सांगा. त्यासाठी वजनकाटा आणि मोजपट्टी पुरते.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ