मुली विजेतेपदाच्या दारात आहेत. खुराक, स्पाइक्सचे (पिनांचे) बूट आणि प्रवास यांना हातभार लावा

नागपूरकर बंधू-भगिनींनो,

पूर्व नागपुरातल्या आमच्या महाविद्यालयाचा अ‍ॅथलेटिक्स संघ दिवाळीनंतर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेत उतरतो आहे. मुलींच्या गटाचं सर्वसाधारण विजेतेपद यंदा आपल्या संघाकडे येऊ शकतं. हे उगाच हवेत बोललेलं नाही. हे आवाहन करणारे आम्ही याच महाविद्यालयाचे माजी खेळाडू आहोत. कुणी पोलिसात आहे, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत क्रीडाशिक्षक, कुणी घरचं दुकान सांभाळतं. पाळी लावून रोज सकाळी आमच्यापैकी दोघं-तिघं ग्राउंडवर असतात आणि पोरींचं टायमिंग आमच्याच घड्याळात उमटतं. त्या भरवशावर हे लिहितो आहोत.

संघात सध्या ३१ जण आहेत, १८ मुलगे आणि १३ मुली. निम्म्याहून जास्त बाहेरगावचे: कुही, उमरेड, भिवापूर, मौदा, पारशिवनी. नंदनवन, वाठोडा, मानेवाडा भागात तिघा-चौघांत एक खोली करून राहतात. बहुतेकांच्या घरी शेती आहे, तीही कोरडवाहू.

आधी मुलांबद्दल थोडक्यात. ८०० आणि १५०० मीटरमध्ये ती चांगली आहेत, गोळाफेकीत एक पदक जवळपास धरून चालावं, पण अडथळ्यांच्या शर्यतींत आणि उड्यांत संघ उघडा पडतो. दुसरं-तिसरं स्थान मिळालं तरी आम्ही समाधान मानू. मुलींचं मात्र वेगळं आहे. सर्वसाधारण विजेतेपद एकट्या वेगवान मुलीच्या जोरावर येत नाही. एकाच शर्यतीत दोघी पहिल्या चारांत आल्या, फेकीच्या प्रकारांत खालचे क्रमांकही हातचे गेले नाहीत, रिले पूर्ण झाली, म्हणजे गुण साठत जातात. आमच्याकडे लांब पल्ल्याच्या शर्यतींत एकीमागे एक अशा चौघी आहेत. भाला आणि थाळीत दोघी. ४ × ४०० रिलेसाठी पाचवी मुलगी राखीव ठेवता येईल इतकी भर आहे. वेगाच्या शर्यतींत आम्ही कमी पडतो, पण तिथे जाणारे गुण ५००० आणि १०००० मीटरमध्ये भरून निघू शकतात.

या चौघींपैकी एक ३००० मीटर स्टीपलचेस धावते. कुही तालुक्यातली, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. ज्यांनी ही शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एकूण २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. मुलींसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. साधी हर्डल पायाला लागली की आडवी होते. स्टीपलचेसचा अडथळा ८० ते १०० किलो वजनाचा असतो, तो जागचा हलत नाही. त्यावर गुडघा आपटला तर गुडघाच फुटतो. पाण्याच्या उडीत अडथळ्याच्या पट्टीवर पाय रोवून पुढे झेपावायचं असतं. समोरचा पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी खोल आणि पुढे उथळ होत जातो, म्हणून झेप लांब गेली तर घोटाभर पाण्यात पाय पडतो, तोकडी पडली तर पाय खोलात जातो आणि धावण्याची लयच मोडते.

आमच्या ग्राउंडवर असा एकही अडथळा नाही. ती मुलगी वर्गातून बाद झालेल्या जुन्या लाकडी डेस्कवर सराव करते. दोन जण डेस्क उचलून लांब उडीच्या खड्ड्याच्या कडेला आणून ठेवतात, तिसरा ते हलू नये म्हणून मागून धरून बसतो, खड्ड्यातल्या वाळूवर चार बादल्या पाणी ओतलं जातं आणि ती धावत येऊन डेस्कवर उजवा पाय रोवून झेप घेते. डावा पाय ओल्या वाळूत रुततो, तो उपसून पुढचं पाऊल टाकायचं आणि पुन्हा फेरी घ्यायची. डेस्कची कड गोलसर झाली आहे, पावसात ती निसरडी होते, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोकली आहे. खरी पाण्याची उडी तिला थेट स्पर्धेतच मिळते. एवढं असूनही मागच्या मोसमात ती अंतिम रेषेपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत भारतीय मुलगी दिसली ती १९८४ मध्ये पी. टी. उषानंतर थेट तेव्हा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. दोघंही दुष्काळी पट्ट्यातले. स्टीपलचेसमध्ये महाराष्ट्राच्या कोरडवाहू गावांचं नाव झालं आहे, आणि त्यात विदर्भाचं एखादं गाव का नसावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता अडचणी. आमचं ग्राउंड मुरमाचं आहे. चुना टाकून लेन आखायच्या, रात्री पाऊस आला की सकाळी पुन्हा आखायच्या. स्पर्धा मात्र सिंथेटिक ट्रॅकवर. मुरमावर धावलेले पाय सिंथेटिकवर एकदम उतरवले की पोटऱ्या भरून येतात, नडग्या दुखायला लागतात, आणि ऐन स्पर्धेच्या आठवड्यात खेळाडू बसून राहतो. स्पाइक्सच्या पिनाही वेगळ्या: मुरमाला लांब लागतात, सिंथेटिकवर जास्तीत जास्त ९ मिलिमीटर चालतात. यावर उपाय एकच. आठवड्यातून निदान दोनदा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या ट्रॅकवर सराव करायचा. मानकापूर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मेट्रो तिकडे जात नाही, आणि सकाळी सहाच्या आत ३१ जणांना सामानासह सिटी बसने पोचवणं जमत नाही. मिनीबसच करावी लागते.

रिलेला तर याची सर्वांत जास्त गरज आहे. ४ × १०० मध्ये बॅटन बदलायला ३० मीटरचं क्षेत्र मिळतं. येणारीचा पाय खुणेच्या पट्टीवर पडला की पुढचीने मागे न बघता सुटायचं, हाक आली की हात मागे करायचा. ही खूण पावलांनी मोजून ठरवतात, आणि मुरमावर ठरवलेली खूण सिंथेटिकवर चुकते, कारण तिथे दोघींचाही वेग वाढलेला असतो. मागच्या मोसमात अंतिम फेरीत तिसऱ्या बदलाला बॅटन क्षेत्राबाहेर दिला गेला आणि संघ बाद झाला. चौघींनी खऱ्या ट्रॅकवर पुरेसा सराव केला असता तर ते टळलं असतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भालाफेक करणाऱ्या मुलीकडे ६०० ग्रॅमचा एकच भाला आहे. उन्हाळ्यात कडक जमिनीवर पडून पडून त्याचं टोक वाकलं आणि दांड्याला बाक आला. असा भाला हवेत थरथरत जातो आणि अंतर खातो. पुढे स्पर्धेतला सरळ भाला हातात आला की तिला सगळा अंदाज नव्याने घ्यावा लागतो.

पण आम्हाला सर्वांत जास्त काळजी खुराकाची आहे. संघातली काही मुलं पहाटे पेपर टाकून, दुधाच्या पिशव्या पोचवून ग्राउंडवर येतात. सराव आटोपला की खोलीवर जाऊन रात्रीची पोळी नाहीतर ठेल्यावरचे पोहे, मग कॉलेज. दहा किलोमीटर धावणाऱ्या पोरीचं शरीर यावर किती दिवस ओढणार? मागच्या वर्षी दोघींचं हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की डॉक्टरांनी पळणं थांबवायला सांगितलं. दोघी गुणी, दोघींची तयारी झालेली. त्यांनी घरून येऊन बाकीच्यांना टाळ्या वाजवल्या, ते बघवत नव्हतं. यंदा सराव संपल्यावर ग्राउंडवरच प्रत्येकाला तीन अंडी, पाव लिटर दूध, दोन केळी आणि भिजवलेले चणे-शेंगदाणे द्यायचं ठरवलं आहे. अंडी न खाणाऱ्यांना जास्तीचं दूध आणि सोयाबीन.

हिशोब असा आहे. खुराकाला माणशी दिवसाला ६० रुपये, म्हणजे चार महिन्यांचे एका खेळाडूचे ७,२०० आणि सगळ्या संघाचे २,२३,२००. मानकापूरला न्यायला-आणायला मिनीबसच्या एका खेपेचे १,८०० धरले, तर आठवड्याला दोन अशा १६ आठवड्यांचे ५७,६०० होतात. स्पाइक्सचे १४ जोड, प्रत्येकी ३,५०० प्रमाणे ४९,०००. भाले, थाळी, गोळे आणि बॅटन यांना ४०,०००. एकूण ३,६९,८००. यातले १,१०,००० आम्ही माजी खेळाडूंनी आपसात गोळा केले आहेत. उरलेल्या २,५९,८०० साठी आपल्यापुढे हात पसरतो आहोत. महाविद्यालय प्रवेश शुल्क, गणवेश आणि प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवसांचा खर्च उचलतं, त्यामुळे तो यात धरलेला नाही.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आम्ही कुणाला घर गहाण टाकायला सांगत नाही. पण कॉलेजातल्या खेळाडूमागे गाव उभं राहिलं की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. आणि नागपूरला देण्याची सवय शिकवावी लागत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी हेच शहर रस्त्यारस्त्यावर जेवण आणि पाण्याची सोय करतं. पोळा, मारबत झाली, आता गणपती बसले आहेत. मंडळांना आमची एक विनंती आहे: वर्गणीतून एका खेळाडूचा चार महिन्यांचा खुराक उचला. त्या खेळाडूला आम्ही तुमच्या मंडपात घेऊन येऊ, वस्तीतल्या लहान मुलांशी बोलायला लावू.

पैशापलीकडेही खूप काही देता येईल. हिंगणा एमआयडीसीत किंवा अन्य कुठे ज्यांचं फॅब्रिकेशनचं काम आहे, त्यांनी स्टीपलचेसचे दोन अडथळे बनवून दिले तर फार मोठं काम होईल. स्पर्धेतला अडथळा किमान ३.९४ मीटर रुंद असतो, सरावाला त्याच्या निम्म्या रुंदीचा पुरेल. वरची लाकडी पट्टी मात्र १२.७ सेंटिमीटर चौरसच हवी आणि खालचा पाया उलटणार नाही असा जड हवा. मापं घेऊन आमचा माणूस तुमच्या वर्कशॉपवर येईल. फिजिओथेरपिस्ट मंडळींपैकी कुणी पंधरा दिवसांतून एक सकाळ दिली तर नडगीची दुखणी वेळेत कळतील. रक्ततपासणीची लॅब असणाऱ्यांनी १३ मुलींचं हिमोग्लोबिन महिन्यातून एकदा तपासून दिलं, तर आमच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. अंडी, दूध, केळी यांचा घाऊक व्यापार करणाऱ्यांनी खरेदीच्या भावात माल दिला तरी आम्ही ऋणी राहू. माजी खेळाडूंकडे पडून असलेले चांगल्या स्थितीतले स्पाइक्सही चालतील. मुलींना ४ ते ६ नंबर लागतो, मुलांना ७ ते ९.

पैसे देताना एक काळजी जरूर घ्या. कुणाच्याही खासगी मोबाईल क्रमांकावर रक्कम पाठवू नका. खात्याचा तपशील आणि क्यूआर कोड महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाबाहेरच्या फलकावर लावला आहे. कार्यालयीन वेळेत तिथे रोख दिली तरी चालेल, पावती लगेच मिळेल. आयकरात सवलतीचं प्रमाणपत्र आम्ही देऊ शकत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच फलकावर लागेल, अंड्यांच्या ट्रेपासून बसच्या भाड्यापर्यंत. रक्कम उरली तर ती पुढच्या मोसमाच्या खुराकासाठीच राहील.

हा मोसम इथेच संपत नाही, म्हणूनही घाई आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकणाऱ्यांची राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संघात निवड होते आणि ते अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. तिथल्या कामगिरीवर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचं दार उघडतं. आमच्या अंदाजाने किमान चार मुली विद्यापीठाच्या संघात बसू शकतात. त्यांच्यातल्या दोघी तिसऱ्या वर्षाला आहेत. घरची गरज म्हणून पुढच्या वर्षी त्या पोलीस भरतीच्या तयारीला लागतील, तसं त्यांनी सांगितलंही आहे. त्यांची ८०० मीटर आणि गोळाफेक भरतीत नक्की कामाला येईल. पण आपला संघ म्हणून त्यांच्यासोबत धावायला हेच चार महिने उरले आहेत.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला महाविद्यालयाच्या ग्राउंडवर संघाची ट्रायल आहे. मदत द्यायची असो वा नसो, अवश्य या, मुलामुलींना घेऊन या. स्टॉपवॉच धरायला, भाल्याचं अंतर मोजायला आणि फेऱ्यांची घंटा वाजवायला माणसं हवीच आहेत. वाहनं मागच्या फाटकाजवळ लावा. पुढच्या बाजूला १०० मीटरची सुरुवातीची रेषा येते.

आपले,
महाविद्यालयाचे माजी खेळाडू आणि क्रीडा समिती