√७२ चं उत्तर २√१८ का चालत नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

√७२ चं तू २√१८ केलंस, पुस्तकात मात्र उत्तर ६√२ दिलंय, मग चूक कुठे झाली, असं तू विचारलं आहेस. चूक झालेलीच नाही. दोन्ही एकच संख्या आहे, तू फक्त वाटेत थांबलास. १८ मध्ये अजून ९ दडलेला आहे आणि ९ हा पूर्ण वर्ग. त्याचं मूळ ३. ते बाहेर आलं की बाहेरच्या २ ला गुणतं, म्हणून ६√२.

सरलतम रूप म्हणजे काय, हे आधी पक्कं करू. मुळाच्या चिन्हाखाली, म्हणजे करणीस्थ संख्येत, १ सोडून एकही पूर्ण वर्ग अवयव म्हणून उरता कामा नये. चिन्हाखाली अपूर्णांक नको, आणि छेदात करणी, म्हणजे पूर्ण न सुटणारं मूळ, नको. एवढं झालं की गणित संपलं. कुठे थांबायचं हे ठाऊक नसल्यामुळेच बरेच जण तुझ्यासारखे मध्ये अडकतात.

‘करणी’ हा शब्दही नीट बघ. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन सूत्रांत, द्विकरणी म्हणजे दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी दोरी, म्हणजे आपलं √२. त्रिकरणी म्हणजे √३. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलंस तर ६√२ आपोआप उलगडतं. ७२ चौरस सेंटीमीटरचा एक चौरस काढ आणि उभे-आडवे सहा-सहा भाग पाड. ३६ छोटे चौरस झाले, प्रत्येकाचं क्षेत्रफळ २, म्हणजे प्रत्येकाची बाजू √२. मोठ्या चौरसाच्या एका बाजूवर अशा सहा बाजू ओळीने बसतात. सरळ रूप देताना आपण नेमकं हेच करतो: मोठ्या चौरसात सारखे छोटे चौरस किती बसतात ते शोधतो.

आता पद्धत. संख्येचे मूळ अवयव पाड. (मराठीत ‘मूळ’ हा शब्द दोन कामं करतो. मूळ अवयवातलं मूळ वेगळं आणि वर्गमूळ वेगळं, तेवढं सांभाळ.) ७२ = २ × २ × २ × ३ × ३. सारख्या अवयवांच्या जोड्या लाव. प्रत्येक जोडीमागे एकच अवयव बाहेर येतो, जोडी न मिळालेला आत राहतो. बाहेर २ आणि ३, आत २. बाहेर आलेल्यांचा गुणाकार करायचा, म्हणून ६√२. इथे दोन चुका हमखास होतात. एक, जोडीतले दोन्ही अवयव बाहेर काढणं. दुसरी, बाहेरच्या २ आणि ३ ची बेरीज करून ५√२ लिहिणं. दोन्ही पकडायचा उपाय एकच: बाहेरची संख्या वर्ग करून परत आत घाल. ६√२ म्हणजे √(३६ × २) = √७२, जमलं. ५√२ म्हणजे √५०, फसलं. ही पडताळणी दहा सेकंदांत होते, ती कधीच टाळू नकोस.

बाहेर आधीच सहगुणक असेल तर तोही गुणला जातो. ५√४८ = ५ × ४√३ = २०√३. पुष्कळ जण इथे ५ आणि ४ मिळवून ९√३ लिहितात.

मोठी संख्या आली की जीव घाबरतो, पण त्यालाही शिस्त आहे. √८६७ घे. ८६७ चं घनमूळ साडेनवाच्या आसपास, म्हणून २, ३, ५, ७ एवढ्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं. ३ ने भाग जातो, उरतात २८९. त्याला यांतल्या कशानेच भाग जात नाही. घनमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या काढून टाकल्यावर जे उरतं, त्यात जास्तीत जास्त दोनच मूळ अवयव असू शकतात, कारण तीन असते तर त्यांचा गुणाकार सुरुवातीच्या संख्येपेक्षा, म्हणजे ८६७ पेक्षा, मोठा झाला असता. म्हणून उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का, एवढंच तपासायचं. २८९ म्हणजे १७ चा वर्ग. उत्तर १७√३. इथे अडायला होतं ते २८९ ओळखू न आल्यामुळे, तेव्हा २० पर्यंतचे वर्ग आणि १० पर्यंतचे घन तोंडपाठ कर. या विषयात पाठांतर लागतं ते एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मूळ गुणाकारावर वाटता येतं, बेरजेवर येत नाही. √(अ × ब) = √अ × √ब हे बरोबर, अ आणि ब ऋण नसतील तर. पण √(अ + ब) ला √अ + √ब समजू नकोस. √(९ + १६) म्हणजे √२५, म्हणजे ५. तुकडे करून ३ + ४ केलंस तर ७ येतात. कारण साधं आहे. (√अ + √ब) चा वर्ग केला की अ + ब + २√(अब) येतं. मधलं २√(अब) कुठे जात नाही. करणींच्या निम्म्याहून अधिक चुका हे मधलं पद विसरण्यातून येतात, असं माझं ठाम मत आहे.

बेरीज-वजाबाकी होते ती फक्त सजातीय करणींची, म्हणजे आतली संख्या आणि कोटी (कितवं मूळ आहे ते: वर्गमूळाची २, घनमूळाची ३) दोन्ही सारख्या असतील तेव्हा. पण सजातीय आहेत की नाहीत, हे सरळ रूप दिल्याशिवाय कळत नाही. √५० + √१८ − √८ दिसायला तीन वेगळ्या करणी, प्रत्यक्षात ५√२ + ३√२ − २√२ = ६√२. आधी सरळ रूप, मग बेरीज. हा क्रम उलटा करायचा नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात याच बेरजेसाठी मुळे बाहेर न काढता चालणारा नियम आहे. त्यांचंच उदाहरण घे, २ आणि ८ या करणींचं. दोन्हींची बेरीज १०, गुणाकार १६, त्याच्या मुळाची दुप्पट ८. १० आणि ८ मिळून १८, म्हणून उत्तर √१८. आपल्या रीतीने √२ + २√२ = ३√२, म्हणजे तेच. नीट बघ, ते दुपटीचं ८ म्हणजे वर सांगितलेलं मधलं पद.

अक्षरं आली की घातांकाला करणीच्या कोटीने भागायचं. भागाकार बाहेर, बाकी आत. √(१८क्ष⁵) मध्ये ५ ला २ ने भागल्यावर भागाकार २, बाकी १, म्हणून ३क्ष²√(२क्ष). घनमूळ असेल तर जोड्यांऐवजी त्रिकुटं लावायची: ∛५४ = ∛(२७ × २) = ३∛२. घनमूळाखाली ऋण संख्या चालते, ∛(−१६) = −२∛२. वर्गमूळाखाली वास्तव संख्यांत ती चालत नाही, म्हणून वर ‘ऋण नसतील तर’ म्हटलं. कधी कधी कोटीच कमी होते, तीही करून टाकायची: ९ चं चौथं मूळ म्हणजे √३.

√(क्ष²) म्हणजे क्ष, असं सरसकट लिहू नकोस. क्ष = −३ घालून बघ: वर्ग ९, मूळ ३, आणि ३ काही −३ नव्हे. म्हणून उत्तर क्ष चं केवल मूल्य, म्हणजे ऋण चिन्ह सोडून उरणारी किंमत. √(क्ष⁶) चं उत्तर क्ष³ चं केवल मूल्य, पण √(क्ष⁴) = क्ष² इथे त्याची गरज नाही, कारण क्ष² ऋण होतच नाही. याला जोडूनच: √९ म्हणजे फक्त ३. क्ष² = ९ या समीकरणाची उत्तरं दोन, ३ आणि −३. पण √ हे चिन्ह धन मूळच सांगतं.

चिन्हावरून लिखाणाचंही सांगतो. १५२५ साली ख्रिस्तोफ रुडॉल्फ या जर्मन गणितीच्या पुस्तकात हे चिन्ह छापलं गेलं तेव्हा त्याला वरची आडवी रेघ नव्हती. ती फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये जोडली. ती रेघ म्हणजे कंसच. √९क्ष लिहिताना रेघ नऊवरच थांबली तर अर्थ ३क्ष, क्षवर गेली तर ३√क्ष. हाताने लिहिताना ती मुद्दाम शेवटच्या अक्षरापर्यंत ओढ.

आता छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे छेदातली करणी घालवणं. याचा उपयोग काय, असं तू विचारलंस. हाताने १ ला १.४१४२१ ने भागून बघ, मग १.४१४२१ चं निम्मं करून बघ. १/√२ आणि √२/२ एकच आहेत, पण दुसऱ्यात कष्ट नाहीत. शिवाय सगळ्यांची उत्तरं एकाच रूपात आली की ताडून पाहता येतात. १/√१२ ला थेट √१२ ने गुणलंस तर √१२/१२ येतं आणि पुढे परत दोन पायऱ्या. त्यापेक्षा आधी १/(२√३) कर, मग अंश-छेदाला √३ ने गुण: √३/६. घनमूळ असेल तर सावध राहा. ५/∛४ ला ∛४ ने गुणून छेद सुटत नाही, तिथे ∛१६ होतं. ४ मध्ये दोन २ आहेत, त्रिकूट पुरं व्हायला एकच हवा, म्हणून ∛२ ने गुणायचं: ५∛२/२.

छेदात द्विपद करणी असेल तर अनुबद्ध जोडी, म्हणजे तीच दोन पदं पण मधलं चिन्ह उलटं, वापरायची. ४/(√७ − √३) ला √७ + √३ ने वर-खाली गुणलं की छेद ७ − ३ = ४ होतो आणि उत्तर √७ + √३ उरतं. छेदाला स्वतःनेच गुणलंस तर १० − २√२१ येतं. पुन्हा तेच मधलं पद, करणी काही जात नाही. संक्षेप देताना मात्र अंशातली सगळी पदं भागायची. (६ + √१८)/३ म्हणजे (६ + ३√२)/३ = २ + √२. फक्त ६ ला भागून २ + √१८ लिहिणं चूक.

शेवटी मला सर्वांत आवडणारा भाग, करणीच्या आत करणी. √(८ + √६०) घे. आधी आतल्या करणीमागे २ आणायचा: √६० = २√१५. आता बेरीज ८ आणि गुणाकार १५ येईल अशा दोन संख्या शोध: ५ आणि ३. उत्तर √५ + √३. इतका वेळ त्रास देणारं ते मधलं पद इथे आपल्याला वाट दाखवतं. वजाबाकीचं चिन्ह असेल तर मोठी संख्या आधी. √(७ − ४√३) = √(७ − २√१२), संख्या ४ आणि ३, उत्तर २ − √३. √३ − २ लिहिलंस तर ते ऋण होतं, आणि वर्गमूळ ऋण नसतं. असल्या संख्या प्रत्येक वेळी मिळतातच असं नाही. मिळाल्या नाहीत तर करणी तशीच ठेवायची.

सरावाला पाच देतो: √३६३, √१२ + √२७ − √४८, ∛२५०, ६/(३ − √३), √(९ − ४√५). पहिल्या चारांची उत्तरं अनुक्रमे ११√३, √३, ५∛२ आणि ३ + √३. पाचव्याचं उत्तर तू पुढच्या पत्रात कळव, आणि दोन पदांतलं कोणतं आधी लिहिलंस व का, तेही लिही.

तुझा मित्र