साडेचार डॉलरचा दिलासा

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला अमेरिकेतल्या कार्बन बाजारावरचा लेख दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपलीच झोप झाली नाहीये. अख्ख्या लेखात राष्ट्राध्यक्षच राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर हा शब्द औषधालाही नाही. अहो, रेगी (RGGI), म्हणजे वीजकेंद्रांना कार्बन सोडायचे परवाने लिलावात विकणारा बाजार, पूर्वेकडची काही राज्यं मिळून चालवतात, २००९ पासून, व्हाइट हाऊसचा त्यात काय संबंध? आत कोण आणि बाहेर कोण हे राज्याच्या निवडणुकीत ठरतं. २०११ मध्ये आम्ही न्यू जर्सीत होतो, तेव्हा गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी राज्य बाहेर काढलं, पुढे मर्फी निवडून आले आणि २०२० मध्ये परत आत. आम्ही व्हर्जिनियात आलो तर इथे नवे गव्हर्नर यंगकिन साहेबांनी २०२२ मध्ये शपथ घेतल्याच्या दिवशीच बाहेर पडायचा हुकूम काढला. म्हणजे मी जिथे जातो तिथे हेच.

पण खरा राग आला तो 'व्हर्जिनिया बाहेर पडल्याने सामान्य ग्राहकाला दिलासा मिळाला' या वाक्याचा. तो सामान्य ग्राहक मीच, तेव्हा हिशोब मीच देतो. विजेच्या बिलावर रेगीची ओळ होती, १००० युनिटला साधारण साडेचार डॉलर. राज्य २०२३ अखेर बाहेर पडलं तरी मागची वसुली म्हणून ती २०२४ मध्येही येत राहिली, मग गेली. बिल कमी झालं का? नाही, उलट वाढलंच. उत्तरेकडच्या डेटा सेंटर्सची भूक कोणी भागवायची, तो वेगळाच विषय.

आता दुसरी बाजू. आम्ही हॅम्प्टन रोड्स भागात राहतो, समुद्राला लागून. इथे पाऊस नको की वादळ नको, आभाळ निरभ्र असतं आणि उधाणाच्या भरतीला गटाराच्या जाळीतून खारं पाणी उलटं रस्त्यावर येतं. आई म्हणायची तिथी बघत जा रे, आता बघतो, पौर्णिमा-अमावास्या आली की गाडी चढावरच्या गल्लीत नेऊन लावतो. मागच्या वर्षी एकदा विसरलो. सकाळी अर्धी चाकं पाण्यात, वरून छान ऊन, शेजारची पोरं गमबूट घालून बसची वाट बघतायत. दोन महिन्यांनी ब्रेक कुरकुरायला लागले, मेकॅनिकने डिस्क काढून दाखवली तर पापुद्रे सुटत होते. सव्वासातशे डॉलर. साडेचारने भागून बघा किती महिने होतात ते.

लिलावातून राज्याला तीन वर्षांत ८० कोटी डॉलरच्या वर मिळाले आणि कायद्याने त्यातले ४५ टक्के पूर रोखायच्या फंडात जायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला पाणी उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह बसवायचं ठरत होतं. आधीच्या मीटिंगला नकाशा होता, नंतरच्या मीटिंगला 'बघू' होतं. हा दिलासा.

बरं, इथे गव्हर्नरला सलग दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही, म्हणजे दर चार वर्षांनी नवा माणूस येणारच. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॅनबर्गर बाई निवडून आल्या, त्या म्हणत होत्या परत आत जाऊ. आणि हे सगळं पक्षावर ढकलू नका, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर शापिरो, त्यांनी त्याच महिन्यात राज्याचं चार महिने रखडलेलं बजेट सोडवायला रेगीवर पाणी सोडलं, तेही एकही परवाना विकला नसताना, कारण प्रकरण कोर्टातच अडकलेलं होतं. अशा बाजारात वीज कंपनीने पुढच्या दहा वर्षांचं गणित कशाच्या जोरावर मांडायचं? यावर लिहा ना कोणीतरी.

जाता जाता. लेखात वॉशिंग्टनच्या मतदारांनी २०२४ मध्ये कार्बन कायदा राखला असं म्हटलंय, ते बरोबर, ६० टक्क्यांहून जास्त लोक रद्द करायच्या विरोधात होते. पण सोबत फोटो व्हाइट हाऊसचा? ते वॉशिंग्टन राज्य आहे हो, देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकच्या काठी. नकाशा बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद तुम्ही कापला होतात, या वेळी तरी नको. पौर्णिमा जवळ आलीय, मला गाडी हलवायचीय.

आपला,
एक (अजूनही) वाचक, व्हर्जिनिया