कापसाच्या बोळ्यावर दोन मिनिटं

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, असं आशाताई म्हणाल्या. आमच्या आत्याला कोविशील्डचा दुसरा डोस तुम्ही दिलात, त्याला आज नऊ दिवस झाले. आत्याचं वय ७८, वजन ४२ किलो. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ करायची गोळी. मधुमेह. हृदयाचं पंपिंग कमी, म्हणून रोज सकाळी लघवीची गोळी. अशा बाईला सुई टोचायला पाच सेकंद लागतात. खरं काम त्या पाच सेकंदांच्या आधी असतं आणि नंतर असतं, आणि ते सगळं तुम्ही केलंत.

सगळ्यात आधी त्या बोळ्याबद्दल.

सुई काढल्यावर कापूस आत्याच्या हातात देऊन तुम्ही पुढच्या माणसाला हाक मारू शकला असता. तसंच सगळीकडे चालतं. तुम्ही स्वतःचा अंगठा त्या बोळ्यावर ठेवलात आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा पूर्ण फिरेपर्यंत उचलला नाहीत. मधे एकदाही कापूस वर करून बघितलं नाहीत. बाहेर रांग होती, कुणीतरी चढ्या आवाजात विचारलं, "आत काय चाललंय?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "यांचं रक्त पातळ आहे. दोन मिनिटं लागतात."

ज्याला यातलं कळतं त्याला ही दोन मिनिटं किती मोलाची ते कळेल. लस स्नायूत जाते. रक्त पातळ असलं की त्वचेवरचं छिद्र लगेच बंद झालेलं दिसतं, पण आत स्नायूत झिरपणं चालू राहतं. एकदाच वापरता येणाऱ्या एडी सिरिंजची सुई कायमची बसवलेली असते, तेव्हा आणखी बारीक सुई लावायची सोयही नसते. हातात राहतो तो फक्त दाब. तो एका जागी, सलग, न चोळता द्यायचा. चोळलं तर नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते. 'थांबलं का' म्हणून अर्ध्यात कापूस उचलला तरी तेच होतं, आणि घरोघरी नेमकी हीच चूक होते. शिवाय अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बोटांत दोन मिनिटं दाबून धरायची ताकद नसते. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून तुम्ही स्वतःचा अंगठा दिलात. या खेपेला आत्याच्या दंडावर रुपयाएवढासुद्धा डाग उठला नाही.

मार्चमधल्या पहिल्या डोसाच्या वेळी तोच दंड कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. ते केंद्र मोठं होतं, एसी होता, टोकन मशीन होतं. टेबलामागच्या माणसाने वर न बघता विचारलं, "काही आजार?" उत्तर पुरं व्हायच्या आत खूण करून झाली होती. झंपराची घट्ट बाही तशीच वर सरकवली. अशी बाही दंडाला आवळपट्टीसारखी बसते, रक्त जास्त येतं आणि सुईची जागाही चुकते. टोचल्यावर जागा चांगली खसखसून चोळली. निघताना सगळ्यांना वाटत होते त्याच पुडीतून दोन गोळ्या दिल्या. त्या आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या होत्या. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर आयबुप्रोफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पंपिंग कमी असलेल्या माणसाच्या अंगात त्याने पाणी साठतं, आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो तो वेगळाच. वर सल्ला दिला, "शुगरची गोळी अजिबात चुकवायची नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तापामुळे घास उतरेना, तरी सांगितल्याप्रमाणे शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, दिली गेली आणि अकरा वाजता साखर ५८ झाली.

मग घरात एकच वाक्य घुमत राहिलं, 'लशीने आत्याला आडवं केलं.' नाही हो. त्या दोन दिवसांतला ताप तेवढा लशीचा होता. काळा दंड चोळण्याचा होता, घसरलेली साखर रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीची होती. न विचारल्यामुळे जे घडलं त्याची बदनामी लशीच्या माथी आली. मेच्या १३ तारखेला दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं, तेव्हा 'आता नकोच' म्हणायला आत्याला आयती सवड मिळाली. ती तुमच्यापर्यंत आली हे आशाताईंच्या चिकाटीमुळे. त्यांचेही आभार इथेच मानतो.

तुमचं काम आदल्या दिवशीच सुरू झालं होतं. आशाताईंकडून निरोप होता: सैल बाहीचा झंपर, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा शेवटचा आयएनआरचा कागद, आणि पोटात नाश्ता. तो कागद तुम्ही खरंच वाचलात. २.४ होता, म्हणजे दोन ते तीनच्या पट्ट्यात. तीनच्या वर असता तर आज टोचणार नव्हता, आधी डॉक्टरांना विचारणार होता, हेही सांगितलंत. आणि रक्त पातळ करायची गोळी लशीसाठी एक दिवससुद्धा बंद करायची नाही, हे तिघांना तीनदा बजावलंत. काही जण 'दोन दिवस बंद ठेवा' म्हणतात. पण ठोके अनियमित असलेल्या माणसाला गोळी बंद करण्यात पक्षाघाताचा धोका असतो, आणि दंडावरच्या डागापेक्षा तो कितीतरी मोठा.

रांगेतल्या प्रत्येकाला तुम्ही विचारत होतात, "डायलिसिसची शीर कोणत्या हाताला आहे? छातीचं ऑपरेशन झालंय का, कोणत्या बाजूचं?" त्या बाजूचा हात सोडून दुसरा घेत होतात. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला लस दिली तर हाताला सूज यायची भीती असते, आणि दुसऱ्या काखेत लशीने तात्पुरती गाठ आली तर बाईने घाबरून जाऊ नये म्हणून ते आधीच सांगून ठेवत होतात. सुई खांद्याचं हाड संपतं तिथून तीन बोटं खाली. वाळलेल्या दंडाला जरा वर टोचलं तरी ती सांध्याच्या पिशवीत जाते आणि हात महिनोन् महिने वर होत नाही. हे तुम्ही बोटांनी मोजून करत होतात, नजरेच्या अंदाजाने नाही.

अर्धा तास बसवल्यावर तुम्ही दोनदा नाडी बघायला आलात. टोचण्याआधीची ६४ लिहून ठेवली होती. त्याचं कारण ऐकून बरं वाटलं. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात नाडी सहसा पळते, अंगावर गांध्या उठतात, श्वासाला शिट्टी येते. नुसती भोवळ असेल तर नाडी मंद होते, अंग गार आणि फिकं पडतं, आडवं करून पाय वर धरले की माणूस सावरतो. पण आत्यासारख्या, ठोके मंद करणारी मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसांची अ‍ॅलर्जीतही नाडी वाढतेच असं नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत नाडीवर विसंबायचं नाही, त्वचा आणि श्वास बघायचा. अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी, म्हणजे अशा झटक्यावरचं औषध, तुमच्या ट्रेमध्ये समोर होती, कुलपात नव्हती.

आणि ती चिठ्ठी. केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरांत, मराठीत. आत्याच्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः फोन लावलात, एकेक गोळी वाचून दाखवलीत आणि उत्तरं लिहून घेतलीत.

पॅरासिटामॉल आधीपासून द्यायची नाही, ताप १०० च्या वर गेला किंवा अंग फार ठणकलं तरच. पाचशेची एक, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसात चारच्या वर नाही, कारण वजन बेचाळीस. सर्दीची किंवा 'अंगदुखीची' म्हणून दुसरी कुठलीही गोळी नाही, बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं आणि दुप्पट डोस जातो. तीन-चार दिवस सलग घ्यावी लागली तर आठवड्याने आयएनआर पुन्हा तपासायचा, कारण तीही तो वाढवते. हे शेवटचं फार थोड्या लोकांना माहीत असतं.

साखर दर चार तासांनी. जेवण झालं तर ग्लिमेपिराइड, घास उतरला नाही तर तो डोस गाळायचा. सत्तरच्या खाली गेली तर अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शेजारच्या काकांच्या पाकिटात मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन दिसली तेव्हा त्यांना वेगळं बजावलंत: जेवण तुटलं, उलट्या झाल्या तर ही गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. या गोळीवर साखर बरी दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्या आजींना मात्र रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका म्हणालात.

पाण्याचा भाग मला सर्वांत आवडला. 'ताप आहे, भरपूर पाणी प्या' हे सरसकट वाक्य आत्यासाठी घातक आहे. तिला दिवसाला दीड लिटरचीच परवानगी. लिटरची बाटली एकदा पूर्ण आणि एकदा अर्धी भरायची, चहा, पेज, ताक सगळं त्यातच मोजायचं. ओआरएस मुद्दाम पाजायचं नाही, लिटरच्या एका पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांना तेही नाही. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. उलट्या-जुलाब लागून पाणी कमी पडलं तर लघवीच्या गोळीचं काय करायचं, तेही डॉक्टरांकडून विचारून लिहिलेलं होतं.

पहिल्या रात्रीचं तर तुम्ही जणू घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. गोळीने ताप उतरताना घाम येतो, रक्तदाब पडतो, त्यातच लघवीला उठायचं असतं, आणि म्हातारी माणसं पडतात ती तेव्हाच. म्हणून पलंगाशी भांडं, दिवा चालू, आधी काठावर दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं, कुणाचा तरी हात धरून. गोधड्यांवर गोधड्या घालायच्या नाहीत, एक सुती चादर पुरे. म्हाताऱ्या अंगाला कडक ताप येतोच असं नाही. एरवी ९७ असणाऱ्याला ९९ हाही ताप. कधी ताप न दिसता माणूस भलतंच बोलू लागतो, दिवस-रात्र विसरतो, झोपेतून उठत नाही. 'म्हातारपण' म्हणून ते सोडून द्यायचं नाही, तेव्हाच्या तेव्हा साखर आणि ऑक्सिजन बघायचा. बोटं गार असली तर चोळून गरम करून मगच ऑक्सिमीटर लावायचा, नाहीतर आकडा खोटा येतो.

ताप दोन दिवसांच्या पुढे गेला, किंवा खोकला, घसा, वास जाणं यांतलं काही दिसलं, तर ते लशीचंच असं धरून बसायचं नाही, कोविडची तपासणी करायची. खोकला लशीचा म्हणून अंगावर काढायचा नाही. हे वाक्य तुम्ही खाली रेघ मारून लिहिलंत.

आणि शेवटी वीस दिवसांची खूण. मेमध्ये केंद्र सरकारने जी सूचना काढली ती तुम्ही न घाबरवता समजावलीत: तेव्हापर्यंत तपासलेल्या प्रकरणांत रक्ताच्या गुठळ्यांची शक्यता असलेली २६, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. दुर्मीळच, पण लक्षणं ठाऊक हवीत. दम लागणं, छातीत दुखणं, पाय किंवा हात सुजणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा पोटदुखी, नजर धूसर होणं, टोचलेल्या जागेपासून दूर अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. त्या काळात यांतलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय. आत्याची दिनदर्शिका तुमच्या पेनाने खुणावलेली आहे, अजून अकरा दिवस आहेत.

आत्याला या वेळी ९९.६ ताप आला, दोन गोळ्या लागल्या, दुसऱ्या संध्याकाळी ती कट्ट्यावर बसून लसूण सोलत होती.

सिस्टर, शहाणपणाची माणसं भेटतात, मायेची माणसंही भेटतात. दोन्ही एकाच अंगठ्यात असलेली फार थोडी. तुमच्या खोलीत पंखा कुरकुरत होता, पडदा म्हणून जुनी साडी बांधली होती, आणि तिच्या आड प्रत्येक म्हातारीला तुम्ही झंपर नीट घालून देत होतात, हुकांसकट. ज्यांच्याकडे सगळी साधनं होती त्यांना मान वर करून बघायला सवड नव्हती, याचा राग अजून जात नाही. तुमच्याबद्दल लिहिताना तो मधे आला, माफ करा.

तुमच्या चिठ्ठीवरून आम्ही एक कोरा कागद तयार केला आहे. वजन, पॅरासिटामॉलची मर्यादा, पाण्याचं माप, कोणती गोळी केव्हा गाळायची आणि कोणती कधीच नाही, यांच्या जागा मोकळ्या आहेत, त्या ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी भरायच्या. वाडीतल्या साठीपुढच्या सगळ्यांसाठी प्रती काढायच्या आहेत. मंगळवारी सत्र संपल्यावर तो घेऊन येतो. काही चुकलं असेल तर लाल पेनाने खोडून द्या. आत्याही येणार आहे, ती लसणाची चटणी घेऊन येतेय. नको म्हणू नका.

आत्याच्या घरची सगळी
जून २०२१