स्टारफिल्डची वाट पाहताना

सोलापूर, २५ ऑगस्ट २०२३

प्रिय श्रीनिवास,

सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर टेकला आणि रात्री तुझा निरोप आला की स्टारफिल्ड या नव्या अवकाश-खेळाची प्रीमियम (पाच दिवस आधी खेळू देणारी, महाग) आवृत्ती आत्ताच बुक करू का आणि पीसीला नवीन ग्राफिक्स कार्डही घेऊन टाकू का. प्रीमियम नको, कार्डाची घाई नको, पण ६ सप्टेंबरला पहिल्या दिवशी खेळ मात्र नक्की. असं का म्हणतोय ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

आशा धरण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी. खेळ बनवणारी बेथेस्डा पंचवीसएक वर्षांनी स्वतःचं नवं कोरं विश्व घेऊन येतेय. २०१८ मध्ये घोषणा झाली, ११ नोव्हेंबर २०२२ ही तारीख ठरली आणि मोडली, आणि आता खरंच दहा-बारा दिवसांवर आलंय. ११ जूनच्या सादरीकरणात मला सगळ्यात खरं वाटलं ते जहाज बांधणं. कॉकपिट, राहायच्या खोल्या, इंजिन, रिअॅक्टर, ग्रॅव्ह ड्राइव्ह (एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारायचं यंत्र), इंधनाची टाकी, ढाल, उतरायचे पाय, दुसऱ्या जहाजाला जोडायचं दार, सगळे सुटे भाग एकमेकांना जोडायचे. डायमॉस, तायो, नोव्हा गॅलॅक्टिक, स्ट्राउड-एकलुंड, होपटेक अशा खेळातल्या वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग वेगळ्या घडणीचे, त्यामुळे जहाज बघून ते कुणाचं ते ओळखू येतं.

लढाईच्या वेळी पडद्यावर वीज वाटायच्या सहा पट्ट्या दिसतात. तीन शस्त्रांच्या (लेझर, गोळ्या, क्षेपणास्त्रं), आणि मग इंजिन, ढाल, ग्रॅव्ह ड्राइव्ह. रिअॅक्टर जेवढी वीज देईल तेवढीच यांच्यात वाटायची. पळून उडी मारायची तर ग्रॅव्ह ड्राइव्हला वीज द्यावी लागते, म्हणजे शस्त्रांची किंवा ढालीची काढून. आता समज, हौसेने चार खोल्या आणि दोन माल-कोठारं वाढवली. वजन वाढलं की जहाज वळायला जड होतं आणि उडीचा पल्लाही घटतो. मोठं इंजिन लावलं तर ते जास्त वीज मागतं, म्हणजे रिअॅक्टर बदला. एका भागाला हात लावला की बाकीचे चार हलतात. रोल-प्लेइंग म्हणतात ते हेच. तू व्यापारी आहेस की लुटारू, हे संवादाआधी जहाजच सांगतं. शत्रूचं इंजिन नेमकं निकामी करून त्याच्या जहाजाला जोडायचं, आत शिरायचं आणि ते ताब्यात घ्यायचं, हेही दाखवलंय. तिथे मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं.

आता शंका. १००० ग्रह, १०० हून जास्त ताऱ्यांच्या ग्रहमाला, अडीच लाखांवर संवादाच्या ओळी, या आकड्यांची मला भीती नाही आणि त्यांचं कौतुकही नाही. माझी शंका वाटेची आहे.

कोजागिरीला आपल्याकडची माणसं तुळजापूरला पायी जातात. पंचेचाळीसएक किलोमीटर. एसटीने गेलं तर तासाभरात दर्शन होतं, मग चालायचं कशाला, असं कुणी विचारत नाही. रस्त्यात चहा देणारे भेटतात, कुणाचे पाय सुजतात, कुणीतरी अनोळखी माणूस सोबत चालू लागतो आणि पहाटेपर्यंत ओळखीचा होऊन जातो. बेथेस्डाच्या खेळाचा जीव नेमका तिथेच आहे. स्कायरिम या त्यांच्या जुन्या खेळात एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालास की वाटेत धूर दिसतो, धुराकडे वळलास की गुहा, गुहेत एखादं पत्र, आणि मूळ काम तीन तास बाजूला. ते सगळं का घडतं? कारण नकाशा सलग आहे आणि माणसांनी हाताने भरलेला आहे. डोंगरावर चढलास की पलीकडचं दिसतं, आणि दिसतं तिथे जाता येतं.

अवकाशात ही सलगता तुटते. जमिनीवरून जहाज उडवत थेट अवकाशात जाता येणार नाही, हे खेळाचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी गेल्या वर्षीच सांगितलंय. उतरणं आणि उडणं म्हणजे एक दृश्य आणि मग नवा भाग लोड. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जायचं तर नकाशा उघड, ठिकाण निवड, उडी मार. म्हणजे तुळजापूर आहे, सोलापूर आहे, मधलं काही नाही. मधे एखादं संकटाचं बोलावणं येईल, चाचे भेटतील, ते खरं. पण नकाशावर बोट ठेवून पोचणारा माणूस वाट चुकत नाही, आणि बेथेस्डाच्या खेळात वाट चुकणं हेच तर कमवायचं असतं. या एका गोष्टीवर हा खेळ तरेल किंवा बसेल असं मला वाटतं.

ग्रहावर उतरल्यावरचं गणितही समजून घे. जमीन तुकड्या-तुकड्यांनी संगणक रचतो, आणि माणसांनी बनवलेली ठिकाणं (एखादा ओसाड कारखाना, संशोधन केंद्र, गुहा) त्या जमिनीवर तू उतरशील तशी पेरली जातात. कल्पना चांगली आहे. पण अशी किती ठिकाणं बनवलीत यावर सगळं अवलंबून. साठा कमी असेल तर तिसऱ्या ग्रहावर तोच कारखाना, तीच खोली, त्याच टेबलावर तोच मग दिसेल. आणि एकदा का ते दिसलं की पुढचे ९९० ग्रह मनातून उतरले. याच स्टुडिओने १९९६ मध्ये डॅगरफॉल या खेळात हजारो गावं संगणकाकडून रचून घेतली होती. गावं आठवत नाहीत कुणाला, त्यातल्या तळघरांत हरवल्याचंच लोक सांगतात. २०१६ मध्ये नो मॅन्स स्काय हा दुसऱ्या कंपनीचा अवकाश-खेळ आला तेव्हाही ग्रह अगणित आणि करायला थोडं, हीच तक्रार होती. पुढे कित्येक वर्षं अपडेट देऊन त्यांनी तो सावरला.

साधारण दहा टक्के ग्रहांवरच जीव असतील, असं हॉवर्ड म्हणालेत. ते मला आवडलं. ओसाड ग्रह ओसाडच असावा. पण जमिनीवर गाडी नाही. पायी आणि पाठीवरच्या बूस्ट पॅकने फिरायचं. आपला प्रज्ञान २६ किलोचा, सहा चाकांवर सेकंदाला एक सेंटिमीटर चालतो, तरी त्याला चाकं आहेत! खेळातल्या माणसाला ८०० मीटर लांबचं केंद्र गाठायला मोकळ्या जमिनीवर दोन-तीन मिनिटं पळावं लागेल. पहिल्या दहा वेळा ते छान वाटेल.

तांत्रिक बाजूची भीती लोकांना जास्त वाटते, मला कमी. सायबरपंक आणि यंदाचा रेडफॉल या अर्ध्याकच्च्या सुटलेल्या खेळांनी तोंड पोळलंय, म्हणून ताक फुंकून प्यायचं एवढंच. एक्सबॉक्सवर सेकंदाला ३० फ्रेम्सची (चित्रांची) मर्यादा घातलीय, ती त्यांनी आधीच स्पष्ट सांगितली, हे बरं केलं. पीसीवर तशी मर्यादा नाही. पण स्कायरिममध्ये ६० च्या वर फ्रेम्स गेल्या की भौतिकीचं गणित बिघडून टेबलावरची भांडी उडायची. खेळाच्या नव्या इंजिनात (मूळ सॉफ्टवेअरमध्ये) हे सुधारलं असेल, तरी पहिल्या आठवड्यात ६० वर मर्यादा लावून ठेव. सेव्ह कायम वेगवेगळ्या फाइलमध्ये कर, नुसत्या क्विकसेव्हवर राहू नको. या खेळात तू टाकलेली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे लक्षात ठेवली जाते, त्यामुळे सेव्ह फुगत जातात. प्लेस्टेशन ३ वर स्कायरिम याच फुगवट्याने अडखळायचा. आणि महिनाभर मॉड (खेळात बदल करणाऱ्या, चाहत्यांनी बनवलेल्या फाइली) नको. प्रत्येक अपडेटला स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे बऱ्याच मॉडना लागणारा जोड-प्रोग्राम, तुटतो आणि त्यावर चालणारं सगळं बंद पडतं.

आता तुझा डबा, म्हणजे पीसी. किमान अपेक्षा प्रोसेसर रायझन ५ २६००एक्स, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०७० टीआय किंवा आरएक्स ५७००, १६ जीबी रॅम, १२५ जीबी जागा, आणि ती एसएसडीवरच. तुझा २६०० प्रोसेसर जवळपास बसतो. १०६० कार्ड मात्र खाली पडतं. बदलायचंच ठरलं तर आरएक्स ६६०० बघ. ते १३२ वॅटचं, १०६० पेक्षा बाराच वॅट जास्त, म्हणजे तुझा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय चालेल. त्याला एक आठ पिनची वायर लागते, ती तुझ्याकडे आहे का ते आधी बघ. तुझ्या बी४५० बोर्डावर त्याला जुन्या पिढीच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) मिळतील, थोडं नुकसान होईल, चालवून घेण्यासारखं. पण हे कार्डही किमान अपेक्षेच्याच आसपास आहे. म्हणून लोकांनी प्रत्यक्ष मोजलेले आकडे येईपर्यंत थांब. एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र) कुठल्याही कार्डावर चालतं, त्यामुळे १०६० वर रिझोल्यूशन १०८०पीच्या खाली आणून एकदा चालवून तरी बघता येईल. रॅमच्या ८-८ च्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, तेही बघ. शेजारी-शेजारी असतील तर रॅममधून डेटा यायचा वेग अर्धा होतो.

तुमचं घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी. कापसाची बारीक लव प्रोसेसरच्या फॅनखाली कूलरच्या धातूच्या पट्ट्यांत बसून नमद्यासारखी घट्ट होते आणि वरून दिसतही नाही. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेव, मोकळं फिरू दिलंस तर बेअरिंग जातं. कूलर काढायचा असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवून गरम कर, मग बंद करून प्लग काढ आणि चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सोड. कूलर सरळ वर ओढू नको, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडव. वाळलेल्या पेस्टमुळे या सॉकेटमधून प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, नवी वाटाण्याएवढी.

लाइटचा भरवसा तुला माहीत आहे. सेव्ह होत असताना लाइट गेली तर ती फाइल गेलीच समज. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. डबा, मॉनिटर आणि राउटर मिळून तीनशेच्या आत राहतात, म्हणजे सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात. स्पीकर त्याच्यावर लावू नको.

पीसी गेम पासवर (महिन्याच्या वर्गणीत खेळ देणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) प्रीलोड, म्हणजे खेळ आधीच उतरवून ठेवणं, १७ तारखेपासून सुरू आहे. धाकट्याला ३० तारखेला, राखीपौर्णिमेला लावायला सांग. ५० एमबीपीएसवर १२५ जीबीला साडेपाच तास, तेही वेग पूर्ण मिळाला तर. जागा काठोकाठ नको, म्हणून दोनशे जीबी मोकळी ठेवायला सांग.

प्रीमियमचे पाच दिवस १ सप्टेंबरपासून, आणि तेव्हा तू पुण्यातच. त्या पैशांचा उपयोग काय? पीसी गेम पासवर ६ तारखेपासून खेळ आहे, एक महिन्याचं घे. स्टीमवर विकत घेतलास तर परताव्याला दोनच तास मिळतात, आणि बेथेस्डाच्या खेळात दोन तासांत प्रस्तावनाच संपते. वाटेचं काय झालं हे कळायला वीसेक तास तरी लागतील.

आपल्याकडे ६ तारखेला पहाटे साडेपाचला खुलतोय, गोकुळाष्टमीच्या दिवशी. तू ५ ला रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने उतरशील तेव्हा आठ पिनच्या वायरचं आणि रॅमच्या खाचांचं काय ते सांग, मी स्क्रूड्रायव्हर आणि पेस्ट घेऊन येतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
महेश