पोलिसांच्या गाडीलाही तासांचं मीटर हवं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भुसावळला माझं गॅरेज आहे. मागच्या उन्हाळ्यात लिलावात घेतलेली एका सरकारी खात्याची जीप कामाला आली. मीटरवर ७० हजार किलोमीटर, म्हणून घेणारा खूश होता. इंजिन ऑइलच्या चेंबरचा नट काढला तर डांबरासारखं घट्ट ऑइल, धारसुद्धा धरेना. क्लच पेडलचं रबर मात्र नव्यासारखं, आणि ड्रायव्हरच्या सीटचा फोम पार बसलेला! ही गाडी पळाली कमी, उभ्याउभ्या चालू राहिली जास्त. त्या खात्यातल्या एका ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "गाडी उभी शे भाऊ, पन इंजिन चालूच शे ना!"

पोलिसांच्या गाड्यांचं हेच होतं. मे महिन्यात ४५ अंशांत नाकाबंदीला गाडी उभी असते. वायरलेस, वरचा दिवा, एसी सगळं चालू. इंजिन बंद केलं की बॅटरी उतरते. उभ्या गाडीला समोरून वारा लागत नाही, सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. लॉगबुकात मात्र फक्त किलोमीटर चढतात आणि ऑइलही त्यावरच बदललं जातं.

अमेरिकेत फोर्डने २०११ पर्यंत पोलिसांसाठी क्राउन व्हिक्टोरिया बनवली. दिसायला घरगुती गाडीसारखीच, पण आत बॅटरी चार्ज करणारा मोठा अल्टरनेटर, इंजिन ऑइलला वेगळा कूलर, दणकट सस्पेन्शन, लोखंडी डिस्कची चाकं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते तासांचं मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते मोजणारं. इंजिन एक तास उभ्यावर चाललं, तर फोर्ड ते सुमारे ५३ किलोमीटर धावल्यासारखं धरते. या हिशोबाने रोज सहा तास उभी राहणारी गाडी महिन्याला नऊ हजार किलोमीटरच्या वर झिजते, आणि किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही.

कामाप्रमाणे गाडी घडवणं आपल्या कंपन्यांनाही येतं. टॅक्सीसाठी निघणारी मारुतीची डिझायर टूर एस ताशी ८० च्या वेगमर्यादेसहच येते. आणि तासांचा हिशोब खान्देशाला कोणी शिकवायला नको. रावेर-यावलचा केळीवाला ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर बदलतो, जेसीबीचं भाडं तासांवर देतो. मग पोलिसांच्या गाडीलाच वेगळा न्याय का?

माझी विनंती एवढीच, की नव्या गाड्या घेताना तासांचं मीटर आणि मोठा अल्टरनेटर मागून घ्यावा. जुन्या गाड्यांच्या लॉगबुकात उभ्यावर चाललेल्या तासांचा रकाना आजही आखता येईल, त्याला पैसे लागत नाहीत. लिलावाच्या कागदावरही तो आकडा यावा. धडगाव-तोरणमाळच्या घाटात रात्री इंजिन जाम झालं, तर आतल्या चार शिपायांना मदत पोहोचायला किती वेळ लागतो, हे तिकडे गाडी ओढायला गेलेल्या माझ्यासारख्याला चांगलं ठाऊक आहे.

आपला,
एक गॅरेजवाला, भुसावळ